चौथं मत

१

अतिदक्षता विभागातल्या कोपऱ्यातल्या खाटेवरचा माणूस भर दुपारी गेला, आणि ते कुणाला कळलंच नाही. डॉक्टर फेरीला आले तेव्हा खाटेवरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि माणसात काही उरलं नव्हतं. जन्मभर शहरात बस चालवलेला माणूस. हृदयाची शस्त्रक्रिया नीट पार पडली होती, लेकीशी हसून बोलत होता, साध्या वॉर्डात हलवायची तयारी चालली होती.

त्या विभागात खाटेपाशी नुसता दिवा लागतो. आवाज होतो तो नर्सच्या टेबलावर, फोनच्या घंटीसारखा. खाटेपाशीच गजर वाजला तर शेजारचे रुग्ण दचकतात, म्हणून तशी सोय. त्या दुपारी तिथे एकच नर्स होती, आणि ती पडद्याआड दुसऱ्या एका बाईच्या घशातली नळी साफ करत होती. गजर वाजलाच नाही, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

खाटेजवळचं यंत्र म्हणत होतं, मी गजर पाठवला. टेबलावरचा गजर तपासला तर तो खणखणीत वाजला. मग उरलं काय? बाईंनी आवाज बंद करून ठेवला असणार, नाहीतर डुलकी काढली असणार. हॉस्पिटलने तिला घरी बसवलं, पोलिसांत तक्रार केली आणि चौकशी समिती नेमली. समितीपुढे तिला आपल्या बाजूने एक जाणकार माणूस आणायची मुभा होती.

समिती बसायला थोडेच दिवस उरले तेव्हा तिच्या नवऱ्याने आपल्या मोठ्या भावजयीला फोन केला. "वहिनी, तुमचं दोघींचं काय असेल ते असो. पण या."

दोघी जावांमध्ये सासूबाईंच्या आजारपणापासून बोलणं नव्हतं. कोणी किती केलं यावरून ठिणगी पडली, ती विझवायला कोणीच पुढे झालं नाही. थोरली कॉलेजात नेटवर्क शिकवायची. तिच्या जिभेला धार होती आणि ते तिलाही ठाऊक होतं. तिने फोन ठेवला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली.

धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात धुतलेल्या कपड्यांचा ढीग. एकाच टॉवेलची घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची.

"खाल्लंस का काही?" थोरलीने विचारलं.

"पोटात जात नाही, ताई."

थोरली तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली. "एकदाच विचारते, पुन्हा विचारणार नाही. आवाज बंद केला होतास?"

धाकटीला राग आला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "नव्हता केला. पण आता मलाच कळेनासं झालंय. सगळे म्हणतात वाजला, तर वाजला असेल. मलाच ऐकू आला नसेल. झोपेत रोज वाजतो. माझ्या कानांवरचा माझा विश्वास उडालाय, ताई. असली नर्स काय कामाची?"

निघताना दीर दारापर्यंत आला. हातातली पिशवी उघडून त्याने वहिनीला दाखवली. आत औषधांच्या गोळ्यांचा डबा होता.

"ऑफिसला जाताना हा बरोबर नेतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घरात ठेवायचा धीर होत नाही."

२

हॉस्पिटलचा नेटवर्कप्रमुख मवाळ बोलणारा, डोळ्यांखाली सूज आलेला माणूस निघाला. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं, आणि थोरलीने काही विचारायच्या आत म्हणाला, "त्या जेवतात का?"

"नाही."

त्याने मान खाली घातली. मग पाठ केल्यासारखं बोलू लागला. दीर वहिनीच्या शेजारी बसून ऐकत होता.

"पूर्वी नेटवर्कमधला, निरोप पुढे धाडणारा प्रत्येक स्विच आपापल्या डोक्याने चालायचा. आता स्विच नुसते हुकमाचे ताबेदार. डोकं कंट्रोलरमध्ये. आम्ही त्याला कारभारी म्हणतो. कुठल्या खाटेचा गजर कुठल्या टेबलावर न्यायचा, कुठलं यंत्र कुणाशी जोडायचं, सगळं तो ठरवतो. एकच ठेवला आणि तो बंद पडला तर हॉस्पिटल आंधळं होईल. म्हणून तीन आहेत. एक जुन्या इमारतीत, एक नव्या इमारतीत, आणि मधला जुन्या बाजूच्या कार्यालयात."

"एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत म्हणतात," दीर म्हणाला. "इथे तर तीन."

"म्हणून मतदान असतं," प्रमुख म्हणाला. "तिघांतल्या दोघांची मतं ज्याला, तो मुख्य. स्वतःचं धरून दोन. हुकूम त्यानेच काढायचे, बाकीच्यांनी पाळायचे. नोंदींची खाती मात्र तिघांत वाटलेली. कुठला गजर कुठल्या टेबलाचा, हे खातं मधल्याकडे."

"त्या दुपारी काय झालं?" थोरलीने विचारलं.

"दोन्ही इमारतींना जोडणाऱ्या पुलावर छताचं काम चाललंय. मिस्त्रीची करवत आमच्या तारांवरून गेली. जुना आणि मधला एका बाजूला राहिले, नवा एकटा पडला. अतिदक्षता विभाग त्याच नव्या इमारतीत. आता एकट्या पडलेल्या कारभाऱ्याला दुसरं मत मिळत नाही, त्यामुळे तो नवा हुकूम काढत नाही. पण आधीचे हुकूम चालूच राहतात. गजराचा हुकूम आधीचाच होता." त्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मला वाईट वाटतं, मॅडम. पण तार तुटली तरी गजर टेबलावर पोचायलाच हवा."

"तुम्ही कुठे होता?"

"इथेच, जुन्या इमारतीत, या खोलीत. दुपारभर हललो नाही. नव्या इमारतीतून एक्स-रेवाल्या बाईंचा फोन आला, यंत्र जोडलं जात नाही म्हणून. तेवढी एकच तक्रार. तार जोडेपर्यंत थांबा, म्हटलं."

बाहेर आल्यावर दिराने आशेने विचारलं, "थापा मारतोय ना?"

थोरलीने मनातल्या मनात त्याचं बोलणं पुन्हा तपासलं. माणसाने सांगितलेली व्यवस्था अगदी बरोबर होती. एकटा पडलेला कारभारी नवा हुकूम काढत नाही आणि जुना पुसत नाही, हे ती स्वतः दरवर्षी वर्गात फळ्यावर काढून दाखवत होती.

"त्याच्या बोलण्यात मला चूक दिसत नाही," ती म्हणाली. दिराचा चेहरा पडला, तो तिला बघवला नाही.

३

कारभारी बसवून देणाऱ्या कंपनीचा माणूस भेटायलाच तयार नव्हता. थोरली त्याच्या ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसली. येणारे-जाणारे वळून बघू लागले तेव्हा त्याने तिला आत घेतलं आणि दार लावलं.

"मला बायकामुलं आहेत," तो म्हणाला.

"तिलाही नवरा आहे. मी काय मागते? त्या दुपारी तुमच्या पडद्यावर काय दिसलं तेवढं सांगा."

दोन्ही इमारतींना बाहेर जाणारी इंटरनेटची वेगवेगळी लाइन होती, त्यामुळे तार तुटलेली असतानाही कंपनीला दोन्हीकडचे कारभारी लांबून दिसत होते. त्याने खूप आढेवेढे घेतले. मग खुर्चीत मागे टेकून, छताकडे बघत बोलला.

"थोडा वेळ दोघं मुख्य होते."

"कोण दोघं?"

"जुना म्हणत होता, मी मुख्य, मला दोन मतं आहेत. आणि नवा म्हणत होता, मी मुख्य, मला दोन मतं आहेत. दोघांनाही मत देणारा मधलाच. तार जुळली आणि सगळं सुरळीत झालं." तो पुढे वाकला. "मॅडम, हे होऊच शकत नाही. मधला दिलेलं मत लिहून ठेवतो, मतदानाच्या एका फेरीत दुसऱ्याला देत नाही. शिवाय तार तुटल्यावर तो नव्याला दिसणारच कसा? पडदा चुकला असणार. वरिष्ठ म्हणाले, हे तोंडातून काढायचं नाही. लोक म्हणतील यांचं गणितच चुकलंय."

थोरलीचं डोकं एकदम थंड झालं. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की पायऱ्या उलट चढत ती चूक शोधायची. तसंच केलं.

"तुमचं गणित चुकलेलं नाही," ती म्हणाली. "पडदाही चुकला नाही. जुन्याला दोन आणि नव्याला दोन. मिळून किती?"

"चार."

"आणि मतदार?"

त्याचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"म्हणजे त्या दुपारी त्या हॉस्पिटलात चौथा कुणीतरी होता," थोरली म्हणाली. "मधल्याचं नाव लावून फिरणारा."

४

मधल्याची हुबेहूब प्रत. जुळा. आतल्या सगळ्या आठवणींसकट उतरवून दुसऱ्या यंत्रात ठेवलेला. नव्याला मत मिळालं म्हणजे तो जुळा नव्या इमारतीत होता. आणि तो रोज चालू नसणार, कारण एकाच नावाचे दोघे एकमेकांना दिसले असते तर पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला असता. तार तुटल्यानंतर कुणीतरी त्याला मुद्दाम उठवला होता.

कुणी, आणि कशासाठी?

थोरली पुलावर गेली तेव्हा मिस्त्री शिडीवरून उतरायलाच तयार होईना. "मी मुद्दाम कापली नाही हो, बाई. छताच्या वर तारा आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही. तो माणूस गेला, ते माझ्यावर येणार का?"

"नुसत्या तार तुटण्याने तो गेला नाही. तुम्ही उतरा तर."

उतरला. हातातली करवत खाली ठेवायचीही त्याला शुद्ध नव्हती. "कापली तेव्हा मलाही कळलं नाही. थोड्या वेळाने जुन्या इमारतीतून एक कारकून तणतणत आला. म्हणाला, नव्या इमारतीत एकही फोन लागत नाही, मला पायी हेलपाटा घालावा लागतोय. तेव्हा वर बघितलं तर गठ्ठाच्या गठ्ठा लोंबत होता. मग माणसं बोलावली, त्यांनी जोडला."

पुलापलीकडे नव्या इमारतीत तळाला एक्स-रेचा विभाग होता. तिथली बाई कामाच्या घाईत होती, पण त्या दुपारचं नाव काढताच थबकली.

"ती दुपार मी विसरेन होय? जिन्यावरून पडलेली चिमुरडी आणली होती. हलवायची सोय नव्हती, म्हणून ढकलगाडीवरचं यंत्र तिच्यापाशी नेलं, तर ते जोडलंच जाईना. शस्त्रक्रियेवाले डॉक्टर माझ्या डोक्यावर उभे. मी नेटवर्कवाल्यांना फोन लावला. त्यांचा एकच नंबर आहे, तो त्यांच्या दोन्ही इमारतींतल्या खोल्यांत वाजतो. प्रमुखांनीच उचलला. मी अक्षरशः रडत होते. म्हणाले, थांबा, काहीतरी करतो."

"मग?"

"केलं की. थोड्याच वेळात यंत्र लागलं. छातीत रक्त साठलं होतं, वेळेवर दिसलं. पोरगी वाचली."

"तार जोडल्यानंतर लागलं ना?"

"छे. तार कुठली? आम्ही पोरीला आत नेलं तेव्हा पुलावर माणसं अजून चढतच होती."

थोरली भिंतीला टेकली. एकट्या कारभाऱ्याला नवं यंत्र जोडता येत नाही. म्हणजे जुळा उठला तो याच घटकेला, या पोरीसाठी. पण त्याचा वरच्या मजल्यावरच्या गजराशी काय संबंध? गजर काही हवेत विरत नाही. इथे वाजला नाही, तर वाजला कुठे?

५

याचं उत्तर देईल असं कुणी उरलं नव्हतं. समिती दुसऱ्या दिवशी बसणार होती. दिराचा फोन आला की धाकटी सकाळपासून अंथरुणातून उठलेली नाही. थोरली हॉस्पिटलच्या दारातल्या बाकाशी आली. तिथे बसचालकाची लेक रोज येऊन बसायची. गळ्यात पुठ्ठा अडकवलेला: 'माझ्या बाबांना झोपेने मारलं.'

"तुम्ही त्या नर्सच्या कोण?" तिने विचारलं.

"जाऊ."

"मग जा."

थोरली गेली नाही. बाकाच्या टोकाला बसून राहिली. हिला दुखवायचा आपल्याला काहीच हक्क नाही, हे तिला कळत होतं, आणि दुसरा रस्ताही दिसत नव्हता. खूप वेळाने लेकच बोलली. आवाजात राग होता, पण तो आता थकलेला होता.

"मी तिथेच होते हो. हाकेच्या अंतरावर. वर बसायला बाक नाही, म्हणून खालच्या मजल्यावर बसले होते. बाबांचा डोळा लागला होता, म्हटलं झोपू द्यावं. त्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. एका बंद खोलीत फोन वाजत होता, तेवढाच. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. शेवटी कंटाळून मी चहा प्यायला गेले. या दवाखान्यात कुणाला काही ऐकूच येत नाही, असं म्हणत गेले."

थोरली तिच्याकडे वळली. "कुठली खोली?"

"रंगकाम चाललंय ती. दाराला कुलूप होतं."

थोरली जिने चढून त्या मजल्यावर गेली. रंगाचा वास, कुलूप, आणि दारावरची पाटी खरवडून काढल्यावर उरलेला फिकट चौकोन. समोरून जाणाऱ्या सफाईवाल्या बाईंना तिने विचारलं, इथे आधी काय होतं.

"अतिदक्षता विभाग," त्या म्हणाल्या. "गेल्याच महिन्यात वर हलवला ना. टेबलं, गजर, सगळं अजून आत जोडलेलं तसंच पडलंय."

थोरली जिन्याच्या पायरीवर बसली. कोडं सुटलं होतं, आणि तिला रडू आवरेना. ती पोरगी आपल्याच बापाचा गजर ऐकत बसली होती.

६

प्रमुख नव्या इमारतीतल्या लहान खोलीत सापडला. भिंतीला यंत्रांचं कपाट होतं. थोरलीने दार लावून घेतलं.

"एकच प्रश्न आहे. एक्स-रेवाल्या बाईंचा फोन तुम्ही कुठे घेतलात?"

"माझ्या खोलीत. सांगितलं ना तुम्हाला."

"तुमची खोली जुन्या इमारतीत. बाई नव्या इमारतीत. मधली तार तुटलेली, आणि फोन त्याच तारेवरून जातात. त्या वेळी इकडून तिकडे एक फोन लागत नव्हता, एक कारकून त्यासाठी पायी आला होता. मग बाईंचा आवाज तुमच्यापर्यंत आला कसा?"

थोरली उभ्यानेच बोलत राहिली.

"तुम्ही इथे होतात, या खोलीत. इथला फोन वाजला, तुम्ही उचलला. पलीकडे बाई रडत होती, पोरगी मरायला टेकली होती, आणि नवा कारभारी एका मतासाठी अडून बसला होता. तुमच्याजवळ मधल्याची प्रत होती, तिची वायर तुम्ही जोडली. नवा मुख्य झाला, एक्स-रेचं यंत्र लागलं. पण मुख्य झाल्यावर त्याने सगळे हुकूम नव्याने काढले. गजर कुठल्या टेबलावर न्यायचा, हे खातं मधल्याचं, म्हणून त्याने जुळ्याला विचारलं. आणि जुळ्याने त्याला आठवत होतं ते सांगितलं. विभाग वर हलवला, हे त्या जुळ्याला माहीतच नव्हतं. म्हणजे प्रत त्याच्या आधीची. गजर वाजला, साहेब. खालच्या मजल्यावर, कुलूपबंद खोलीत, रिकाम्या टेबलावर."

प्रमुख स्टुलावर बसला.

"मधला सारखा बंद पडायचा," तो म्हणाला. "दुसरा द्या म्हणून सांगून थकलो. हाताशी असावी म्हणून प्रत काढून या कपाटात ठेवली होती. विभाग हलवला तेव्हा ती ताजी करायची राहिली. त्या दुपारी मी इकडे दुसऱ्याच कामाला आलो होतो. दुसरं काही सुचलं नाही. मी मुद्दाम नाही केलं, मॅडम. ती पोरगी मेली असती."

"मुद्दाम केलं असं मी म्हणतच नाही. तुमच्या जागी मीही वायर जोडली असती कदाचित. पण त्यानंतर?"

"तार जुळणार असं कळल्यावर मी ते यंत्र काढून घेतलं. संध्याकाळी तो माणूस गेल्याचं कळलं, आणि माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी सगळे नर्सबद्दलच बोलत होते."

"आणि तुम्ही गप्प राहिलात. रोज सकाळी नव्याने. मला भेटल्याबरोबर विचारलंत, त्या जेवतात का. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. इतकी काळजी निर्दोष माणूस करत नाही." ती त्याच्या पुढ्यात आली. "तिचा नवरा गोळ्यांचा डबा पिशवीत घेऊन फिरतोय. ती म्हणते, माझे कान गेले."

प्रमुखाने चेहरा ओंजळीत झाकला. तसाच म्हणाला, "यंत्र माझ्या गाडीत आहे. टाकायला म्हणून नेलं होतं. दोनदा नदीच्या पुलावर गाडी थांबवली, पण टाकवेना."

"उद्या घेऊन या," थोरली म्हणाली. "आणि आला नाहीत, तर मी तुमच्या घरी येईन."

७

संध्याकाळी तिने धाकटीला अंथरुणाशी बसून सगळं सांगितलं. धाकटीने पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे माझ्या टेबलावर खरंच वाजला नाही?"

"नाही वाजला. तुझे कान शाबूत आहेत."

धाकटी रडली नाही. उठून बसली. "त्या मुलीला माहीत आहे?"

"नाही. आणि तेच अवघड आहे." थोरलीने नजर चुकवली. "प्रमुख आपलं कबूल करेल. पण हॉस्पिटलचा वकील म्हणणार, गजर खालीच वाजला याला पुरावा काय? प्रत असली म्हणून नर्स जागी होती असं थोडंच ठरतं? तो गजर ऐकलेलं माणूस एकच आहे. माझ्याने तिला विचारवत नाही. सांगायचं म्हणजे तिला जन्माची जखम द्यायची."

"उद्या तिथे सगळ्यांसमोर कळलं तर?"

"तेही वाईटच."

धाकटीने पांघरूण बाजूला केलं. "मी सांगेन. तुम्ही नको. कानात गजर घेऊन जगायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे."

सकाळी समितीच्या खोलीबाहेर प्रमुख आधीच येऊन उभा होता. काखेत कापडात गुंडाळलेलं यंत्र. पलीकडच्या बाकावर बसचालकाची लेक होती. धाकटी सरळ तिच्याकडे गेली. लेक ताडकन उठली, पण धाकटी काहीतरी पुटपुटली आणि ती पुन्हा बसली. थोरली आणि दीर लांब उभे राहिले. शब्द ऐकू येत नव्हते. दिसलं ते एवढंच, की लेकीचे दोन्ही हात हळूहळू कानांवर गेले आणि धाकटीने ते धरून खाली घेतले.

थोरली जवळ गेली तेव्हा लेक म्हणत होती, "मी कुणाला तरी सांगायला हवं होतं. नुसतं एकाला जरी म्हटलं असतं, की बघा हो, आत काय वाजतंय."

"फोन वाजतोय असं सांगायला कुणी जातं का?" धाकटी म्हणाली. "मी गेले नसते. दाराला कुलूप होतं. तुला काय माहीत असणार?"

"बाबा तिथे वर, आणि मी चहा पीत होते."

"त्यांचा डोळा लागला होता म्हणून तू खाली बसलीस. त्यांना झोप मिळावी म्हणून. एवढं लक्षात ठेव. बाकीचं सगळं या माणसाचं आणि या हॉस्पिटलचं आहे, तुझं नाही. मी इतके दिवस नसलेली चूक डोक्यावर घेऊन बसले. तू बसू नकोस."

लेकीने प्रमुखाकडे पाहिलं. त्याने नजर वर केली नाही.

खोलीचं दार उघडलं. शिपायाने आधी नर्सला आत यायला सांगितलं. धाकटी उठली आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "साक्ष द्यायचीच असं काही नाही. तुला नको असेल तर घरी जा. माझं मी बघेन."

थोरलीच्या ओठांवर शब्द आले होते, की तिच्या साक्षीशिवाय तुझं काही खरं नाही. तिने ते गिळले.

लेकीने दाराकडे पाहिलं. मग तिने गळ्यातला पुठ्ठा काढला, अक्षरं खाली करून बाकावर ठेवला आणि ओढणीने तोंड पुसलं.

"आधी मी जाते," ती शिपायाला म्हणाली. "मला काय ऐकू आलं, ते सांगायचंय."